अख्खी पैठणी मावेल असा कॅमेरा

येवल्याच्या एसटीत मी दोन कॅमेरे मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही मुठीएवढे, दोन्ही वापरलेले. नाशिक रोडचा दुकानदार ओळखीचा, माझं हो-नाही ऐकून कंटाळला आणि म्हणाला, "ताई, दोन्ही न्या, वापरून बघा, नको तो परत आणा." एकात जवळूनही खूप काही मावायचं. दुसऱ्यात मावायचं कमी, पण रंग अगदी खरे यायचे. आठवडाभर मी याच विचारात तरंगत होते. चहा उतू जायचा, आणि मी आपली मोरपंखी रेशमात बुडालेली.

कारण मावशीची शेवटची पैठणी. तिचे डोळे थकले होते, यापुढे माग बंद. विणलेला भाग रुळावर गुंडाळला जातो, त्यामुळे विणणारीसमोर असते ती जेमतेम वीतभर साडी. मागावरून उतरली की घडी होऊन व्यापाऱ्याकडे. "एवढ्या विणल्या, पण एक बी अख्खी लांबून पाह्यली नाय," असं ती एकदा सहज बोलून गेली, आणि ते माझ्या मनात रुतून बसलं. मागावरच्या साडीचा फोनवर फोटो काढून दाखवला, तर रंग भडक निळा. तिने तोंडच फिरवलं.

साडी उतरली. खोलीतच मावशीने आणि तिच्या सुनेने दोन टोकं धरली. पहिल्या कॅमेऱ्यात सगळी साडी मावली, मी खूश. मावशीने पडद्यावर पाहिलं आणि उखडली.

"काठ वाकडा केला की गं! जल्मात माझा काठ वाकडा गेला नाय."

कडा भिंगाने वाकवल्या होत्या, पण तिला कोण समजावणार? तो कॅमेरा तिथेच बाद झाला.

दुसरा घेऊन मी मागे सरकत भिंतीला टेकले, तरी निम्मीच साडी दिसत होती. शेवटी साडी धरून सगळ्याच गल्लीत आलो. मी समोरच्या ओट्यावर चढले. कोवळ्या उन्हात रेशीम घटकेत हिरवं, घटकेत निळं होत होतं. मी बटण दाबायचंच विसरले.

"थांब, तू धर जरा," मावशी म्हणाली. पदर माझ्या हातात देऊन, कॅमेरा घेऊन ती ओट्यावर गेली. मी ओरडून बटण सांगत होते. तिने कॅमेरा कमरेला खोचला आणि नुसती बघत राहिली. कितीतरी वेळ. मग तिचा चेहरा उजळला.

त्या चेहऱ्याचा फोटो मला हवा होता. माझे दोन्ही हात पदरात अडकले होते.