खुळखुळणारी काडतुसं

हार्लन ब्रेक्के म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आर्डिसचे यजमान. आमचे दाजी. त्यांच्याविषयी गंभीरपणे सांगायला बसले तरी चौथ्या वाक्याला मला हसू फुटतं, त्याला माझा इलाज नाही. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या धान्यकोठारावर गव्हाचे ट्रक तोलले आणि कुणाचा मूठभर दाणाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण सरळ माणसालाही एखादं खूळ लागतंच. दाजींना जुन्या पद्धतीच्या रायफलींचं लागलं.

आमच्या आजे-पणज्यांच्या काळी मोंटानाच्या या माळावर ज्या रायफलींनी गवे मारले, तसल्या रायफलींची काडतुसं दाजी घरीच भरतात. पितळी पुंगळी, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत काळी दारू ठासून काठोकाठ आणि वर शिशाची गोळी. बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो, नेमबाजाला समोरचं काही दिसत नाही, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि तमाम पुरुषमंडळी खूश होतात. मग प्रत्येक बारानंतर नळीत तोंडाने फुंकर मारायची, म्हणजे आतली काजळी मऊ राहते. वयस्क माणसं ओळीने बंदुकींच्या नळ्यांत फुंकताना पाहिली की मला दरवर्षी ठसका लागतो.

आमचा नेमबाजीचा क्लब दरवर्षी माळावर सामना भरवतो, आणि त्याचा एकच कडक नियम: सामन्यात फक्त काळी दारू. ज्याच्या बाराला धूर नाही, तो बाद. नियम लिहिला दाजींनी आणि सहा वर्षांपूर्वी तो चालवलाही त्यांनीच, तोही लोवेल क्विस्टवर.

लोवेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. दाजींचा तो शाळेपासूनचा जिवलग. काळ्या दारूची रायफल त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर गंज धरते. त्या दिवशी लोवेलला चार वाजता एका लग्नात वाजवायचं होतं. हात काळे होऊ नयेत म्हणून त्याने आपली काडतुसं नव्या, बिनधुराच्या दारूने भरून आणली. बार झाला, धूर नाही. दाजींनी भर माळावर सगळ्यांसमोर नियम वाचला आणि फळ्यावरून त्याचं नाव पुसलं. लोवेलने रायफल ब्लँकेटात गुंडाळली, आणि पुन्हा काही तो सामन्यात उतरला नाही. दरवर्षी यायचा मात्र. चर्चच्या बायकांबरोबर टेबलामागे उभा राहून कॉफी आणि लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, विकायचा. दाजी त्या टेबलाकडे फिरकायचे नाहीत. कॉफी थर्मासमधून आणायचे, तीही गार.

आता खरी गंमत. दोन वर्षांपूर्वी दाजींच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. काळ्या दारूचा दणका सोसेना, आणि धुण्याघासण्याचाही कंटाळा यायला लागला. मग या नियमवाल्या गृहस्थाने गुपचूप बिनधुराच्या दारूचा डबा आणला. गुरांच्या कुरणामागे जाऊन, कुणी नाही असं बघून, चार-पाच हलके बार काढायचे आणि चोरट्या मांजरासारखं घरी यायचं. आर्डिसने मला शपथ घालून सांगितलं. मी ती शपथ पाळली, याचं सगळ्यात जास्त नवल आर्डिसला वाटलं.

या नव्या दारूचं एक आहे. ती अगदी थोडी लागते, पुंगळीच्या तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तरी कळत नाही, आणि तसला बार रायफलीसकट तोंड फोडतो. म्हणून दाजी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघतात आणि त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. एकदा आर्डिसने विचारलं, जेवायला वाटाणे करू की मका? दाजींनी भरलेल्या पन्नासच्या पन्नास पुंगळ्या ओतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जेवण साडेनऊला झालं, आणि वाटाणेही नाहीत नि मकाही नाही.

दोन्ही तऱ्हेची काडतुसं बाहेरून सारखीच. म्हणून बिनधुराच्या काडतुसांच्या बुडाला दाजी आर्डिसच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. यंदा सामन्याच्या आदल्या दिवशी आर्डिसने पेटी उघडी पाहिली. अर्ध्यांना ठिपका आहे, अर्ध्यांना नाही. तिला वाटलं, बिचाऱ्यांचा खांदा दुखला असेल, काम अर्धवट राहिलं. तिने उरलेली सगळी रंगवली, वर्तमानपत्रावर सुकवली आणि जागा दिसेल तिथे खोचून ठेवली. वर रंगाचा दुसरा हातही दिला.

सकाळी माळावर दाजींनी पेटी उघडली. मी शेजारीच दुर्बिणीपाशी होते, गोळी कुठे लागली ते सांगायला. त्यांचा चेहरा लेफ्सेच्या पिठासारखा झाला. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मी आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं, ते फारसं जमलं नाही.

घर चाळीस मैलांवर. क्लबाचे कॅप्टन म्हणून पहिल्या बाराचा मान दाजींचा. दुसऱ्याचं काडतूस मागणं म्हणजे आमच्याकडे दुसऱ्याचा टूथब्रश मागण्यासारखं. एकच खूण उरली होती: ठासलेली काळी दारू हलत नाही, बिनधुराची आत खुळखुळते. दाजींनी एक काडतूस कानाशी हलवलं, दुसरं हलवलं. चाळीस वर्षं बार ऐकलेले ते कान, त्यांना आर्डिसची हाकही ऐकू येत नाही. मी करून पाहिलं, तर मला नुसता वारा ऐकू आला.

"ऑर्गनच्या शेकडो नळ्यांतली बिघडलेली एक नळी ओळखणारा माणूस इथेच लेफ्सा विकतोय," मी म्हणाले.

"मरेन, पण त्याच्याकडे जाणार नाही."

"मग मरा, दाजी. पण लवकर आटपा, वीस मिनिटं राहिलीत."

गेले. रांगेत तीन म्हाताऱ्या होत्या, त्यांच्या मागे उभे राहिले. लोवेलने मान वर न करता विचारलं, लोणी-साखर लावू का. दाजी म्हणाले, लाव. मग पेटी टेबलावर ठेवली.

"लोवेल, तुझा कान पाहिजे होता. यातली अर्धी बिनधुराची आहेत."

"कुणाची?"

"माझीच. दोन वर्षं झाली."

लोवेलने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा सगळ्या माळाला ऐकू जाईल असं बोलणार. त्याने हात पुसले आणि दाजींना आपल्या पिकअपकडे नेलं. दोघं आत बसले, काचा वर. मी बाहेरून बघत होते. अंडं खराब आहे का ते हलवून बघतात, तसा लोवेल डोळे मिटून एकेक काडतूस कानाशी हलवत होता आणि दोघांच्या डोक्यावरच्या टोप्या उलट्या करून त्यांत वाटून ठेवत होता. दाजी मागे वळून सीटमागे काहीतरी बघत होते, बराच वेळ.

उतरताना लोवेलने एक टोपी त्यांच्या हातात दिली. "ही काळ्या दारूची. धूर निघेल. मी कुणाला बोलणार नाही."

दाजींनी टोपी घेतली, दोन पावलं गेले आणि परत आले. दुसऱ्या टोपीतलं एक काडतूस उचललं.

ते जाऊन नेमबाजांच्या रेघेवर पालथे झोपले आणि बार काढला. कोरडा आवाज झाला, आणि निशाण म्हणून दूर उभा केलेला लोखंडी गवा ठणकन वाजला. धूर मात्र चिलमीइतकाही नाही. दाजींनी सवयीने नळीत फुंकर मारली, आणि मग आपण काय करतोय ते कळून थांबले. मला तेवढ्यातही हसू आलं.

उठून ते फळ्यापाशी गेले, नियम वाचला आणि स्वतःचं नाव पुसलं. कुणीतरी म्हणालं, खांद्यासाठी सवलत देऊ या. दाजींनी मान हलवली.

"नियम बरोबर आहे. लोवेलला मी बाजूला घेऊन सांगू शकलो असतो, ते केलं नाही. माझ्या जागी तो खेळेल." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रायफल सीटमागे आहे त्याची. यंदाची काडतुसं भरलेली, डब्यावर तारीख घातलेली. मागची पाच वर्षंही आणतोय म्हणाला, कुणी बोलावलं तर असावी म्हणून."

लोवेल एप्रनसकटच आला. दाजींनी मला दुर्बिणीवरून उठवलं आणि स्वतः बसले. लोवेलचा पहिला बार असा उडाला की अर्धा माळ धुरात बुडाला.

"हार्लन, लागली का रे?"

मी वाकून दाजींकडे पाहिलं तर दुर्बिणीला लावलेला डोळा घट्ट मिटलेला, आणि गालावरून पाणी चाललेलं. मी त्यांना हलकेच सरकवलं, स्वतः पाहिलं, आणि लोवेलला सांगितलं की गोळी हातभर डावीकडे गेली.