नंबरबाईंच्या गाडीचं तेल

चष्म्याचे नंबर काढतात म्हणून सगळे त्यांना नंबरबाई म्हणत. बाजारपेठेत त्यांचं छोटंसं दुकान होतं, दुकानावर पाटी होती, आत गोल फिरणारी खुर्चीही होती. पण त्या खुर्चीत बाईंना टेकलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं. दुकानाला कुलूप आणि बाई डोंगरात, हेच बहुतेक दिवशी. भिंगांची लाकडी पेटी मागच्या सीटवर ठेवायची, अक्षरांचा तक्ता गुंडाळून तिच्याशेजारी आडवा टाकायचा आणि घाट चढून वरच्या वस्त्यांवर जायचं. तिथल्या म्हाताऱ्यांना खाली उतरणं होत नसे, म्हणून बाईच वर जात. यजमान गेल्यापासून घर त्यांना खायला उठे. पायाला भिंगरी लावल्यासारख्या त्या हिंडत राहिल्या, आणि हिंडवणारी ती जुनी तपकिरी गाडी त्यांच्याहून थकत चालली.

थकली म्हणजे काय, तर तेल प्यायला लागली. सकाळी किल्ली फिरवली की मागून निळसर धुराचा असा लोट निघे, की समोरच्या शिक्षिका खिडकी आपटून बंद करत. बाईंना ती आपटलेली खिडकी घाटाच्या माथ्यापर्यंत ऐकू येत राही.

गॅरेज सख्ख्या भावाचंच होतं. दादा त्यांच्याहून बरेच थोरले. रक्ताचं असं दोघांना आता एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, तरी भेटले की पहिल्या वाक्याला ठिणगी पडायची.

"वय झालंय तिचं," दादा बोनेटवर थाप मारून म्हणाले. "व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक झाली असतील. तेल वरून झिरपतं आणि जळतं. जाड तेल घालतो. जाड तेल लवकर झिरपत नाही."

"मग सीलंच बदल ना. उघडून बघ."

"उघडून बघ म्हणे! ऊठसूट उघडायला इंजिन म्हणजे काय डबा आहे?"

एरवी दादांना इंजिन उघडायला निमित्त पुरे असायचं. बाईंना ते जरा खटकलं, पण घाटावर माणसं वाट बघत होती. दादांनी जाड तेल ओतलं आणि बाई निघाल्या.

धूर कमी झाला, यात शंका नाही. पण थंडी पडली आणि नवंच दुखणं सुरू झालं. सकाळी गाडी चालू केली की इंजिनाच्या माथ्यावर कोणी चमचे आपटावेत तसा खडखडाट होई आणि तेलाचा लाल दिवा विझता विझत नसे. तो विझेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला. पुढे दिवसभर गाडी नीट चाले, पण कानांत तो खडखडाट राहून जाई. रात्री कूस बदलली तरी खडखड, चहा गाळताना खडखड.

मग बाईंनी जगाला विचारायला सुरुवात केली. ज्याचा नंबर काढत, त्यालाच विचारत. ट्रकवाला म्हणाला, याहून जाड तेल मिळतं, ते घाला. पिठाच्या गिरणीचा मालक म्हणाला, छे छे, एकदम पातळ घाला, इंजिन मोकळं होईल. सुट्या भागांच्या दुकानातल्या बाईंनी मात्र मधल्या जाडीचं, डब्यावर 'जुन्या इंजिनांसाठी' असं छापलेलं तेल पुढे केलं. "यात सीलं मऊ ठेवायचं औषध असतं," त्या म्हणाल्या. औषध हा शब्द नंबरबाईंना पटला. दादांना कळू नये म्हणून नदीपलीकडच्या गॅरेजात जाऊन त्यांनी जाड तेल काढून टाकलं आणि हे भरून घेतलं.

दुसऱ्या सकाळी खडखडाट गायब, लाल दिवा चटकन विझला. बाईंना हायसं वाटलं, पण ते काही टिकलं नाही. निळा धूर परत आला. शिवाय आता त्यांनी भावाच्या पाठीमागे केलेलं काम होतं ते, त्यामुळे चूक ठरायला नको, ही टोचणी वेगळीच. गाडी किती तेल पिते हे बघायचा त्यांनी ध्यास घेतला. घाटातल्या दर वळणावर गाडी बाजूला घ्यायची, बोनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी फडक्याने पुसून आत घालायची आणि बाहेर काढून बघायची. तेल खालच्या खुणेच्याही खाली. की ओत थोडं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. डब्यामागून डबा रिकामा होत होता आणि धूर वाढतच होता.

एका दुपारी वरच्या वस्तीवर एका आजोबांना तपासायला बसवलं होतं. नाकावर जाडजूड चाचणीची फ्रेम, तिच्यात बाई भिंगं सरकवत होत्या.

"हे स्पष्ट की हे?"

"मघाचं बरं होतं."

"मघाचं कुठलं?" विचारता विचारताच बाईंना बाहेर उभ्या गाडीची आठवण झाली. "बसा हं, आलेच," म्हणून त्या उठल्या, पट्टी बघितली, तेल ओतलं, परत आल्या. आजोबा फ्रेम सांभाळत तसेच ताठ बसलेले. कुठलं भिंग कुठे होतं, हे बाईंच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. या कामात असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

उतरताना तर कहर झाला. मागे धुराची भिंत उभी राहिली. बसवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. इंजिन आचके देऊ लागलं. नदीपलीकडे जाण्याइतकी गाडी टिकेल असं वाटेना. जवळ होतं ते दादांचंच गॅरेज.

दादा बाहेर आले. त्यांनी धुराकडे पाहिलं, मग बहिणीच्या चेहऱ्याकडे. पट्टी काढून तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

"हे माझं तेल नाही."

बाई बोनेटवरची धूळ पुसू लागल्या.

"कोणी भरलं?"

"नदीपलीकडे भरून घेतलं. तुझ्या तेलानं सकाळी खडखडत होती रे."

"माझ्या हातावरचा विश्वास उडाला असेल, तर तोंडावर सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?" दादांचा आवाज चढला नाही, उलट बसला. तेच बाईंना जास्त लागलं. वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

दादा पट्टी घेऊन उजेडाकडे गेले. मान तिरकी केली, डोळा बारीक केला, मग अंगठ्याने पट्टी चाचपली. "कमी आहे तेल. अजून घालावं लागेल," म्हणाले आणि डब्याकडे वळले.

अशी तिरकी मान बाईंनी शेकडो माणसांची पाहिली होती. भावाची आजच पाहिली. त्यांनी पुढे होऊन पट्टी हातातून घेतली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलेलं होतं.

"दादा, कमी नाहीये. जास्त आहे. पुष्कळ जास्त."

"काय सांगतेस?" दादा थांबले. मग कपाळाला आठी पडली. "तू तेल बघतेस कुठे?"

"घाटात. वळणावर."

"चढावर? थांबल्या थांबल्या?"

"हो."

दादांनी कपाळावर हात मारला. "अगं, गाडी तिरकी उभी, इंजिन गरम, तेल अजून वरून खाली उतरायचंय. पट्टी कमीच दाखवणार! सपाटीवर उभी करायची, जरा दम धरायचा, मग बघायचं. गाडी तेल पिते हे खरं, पण तू तिच्या नरड्यात ओततेयस. जास्तीचं तेल फेसाळून जळणार नाही तर काय होणार?"

दम धरायचा. नेमकं तेच बाईंना कधी जमलं नव्हतं. एरवी त्या खजील झाल्या असत्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे लागलं होतं.

"ते माझं चुकलं. पण एवढं वर चढलेलं तेल तुला कसं दिसलं नाही?"

दादा फडक्याला हात पुसत राहिले. शेवटी वहिनींनीच कप खाली ठेवले. "वन्सं, आता लपवून काय करायचं? यांना नीट दिसत नाही, स्क्रूसुद्धा चाचपून लावतात. मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"सीलं बदलायची म्हणजे नखाएवढे तुकडे बसवावे लागतात," दादा जमिनीकडे बघत म्हणाले. "एक जरी निसटून इंजिनात पडला, तर गाडी गेली. तुझी गाडी."

"म्हणून जाड तेल?"

"म्हणून जाड तेल."

बाईंनी मागच्या सीटवरची पेटी काढली, तक्ता टायरच्या मांडणीला टांगला आणि भावाला स्टुलावर बसवलं. भिंगामागून भिंग घातलं. "हे स्पष्ट की हे?" दादांचं उत्तर एकच, "सगळं धुक्यातलं." बाईंनी छोट्या बॅटरीने डोळ्यात पाहिलं. काळ्या बाहुलीत राखाडी झाक.

"हा नंबर नाही, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. डॉक्टरांकडे जायचं. ऑपरेशन करावं लागेल."

"डोळ्यात सुरी घालू देणार नाही मी."

"मग मी रोज इथे येऊन बसेन. तू हो म्हणेपर्यंत."

"बसाल? तुम्ही?" वहिनींना हसू आवरेना, आणि रडता रडता हसावं तशा त्या हसत सुटल्या. दादाही हसले, आणि हसता हसता त्यांनी मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बोळात बाईंनी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की नर्सने त्यांना बाकावर बसायला फर्मावलं. बसल्या, तर बाक हलायला लागला. गाडी तोवर गॅरेजात पडून होती. बाई बसने डोंगरात जायच्या, पेटी मांडीवर घेऊन. खिडकीबाहेर बघायचं सोडून ड्रायव्हरच्या मानेकडे बघत राहायच्या, की हा कसा चालवतो. उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा दादा कितीतरी वेळ स्वतःच्या नखांतली काजळी बघत बसले होते म्हणे.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर त्यांनी इंजिनाचा माथा उघडला. जुन्या सीलांचा बोटात धरताच चुरा झाला. नवी बसवताना बाई शेजारी उभ्या होत्या. श्वास रोखून, एका जागी.

"तेल कुठलं घालू?" दादांनी मुद्दाम विचारलं.

"तू सांग."

"तुझंच घालू. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जाडीत बसतं ते. माझं या थंडीला जाडच होतं." एवढं बोलायला त्यांना कष्ट पडले, ते दिसलं. "पण पिस्टनच्या रिंगाही झिजल्यात, तेव्हा थोडं पीतच राहील. आठवड्यातून एकदा बघ. सपाटीवर."

धूर गेला असं नाही, पण नजरेत भरण्यासारखा उरला नाही. पट्टी बघायला बाईंचे हात मात्र शिवशिवत. कधी कधी मोह आवरत नसे, तेव्हा त्या मैदानात गाडी उभी करून चार चकरा मारत आणि मग बोनेट उघडत.

दुसऱ्या डोळ्याची तारीख आली, तसे दादा पुन्हा टाळाटाळ करू लागले. आज गिऱ्हाईक आहे, उद्या गाडी द्यायचीये, एका डोळ्यानं भागतंय की. त्या सकाळी बाईंनी तपकिरी गाडी गॅरेजच्या दारात आडवी लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि हॉर्नवर हात दाबून धरला. सगळी गल्ली बाहेर आली. शेवटी दादा स्वच्छ शर्ट घालून, बहिणीच्या नावाने पुटपुटत बाहेर पडले. एक क्षण बोनेटपाशी थांबून त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, आणि मग पुढच्या सीटवर येऊन बसले.

"हळू चालव," दार ओढून घेत ते म्हणाले.