झेपेल तेवढी चेन

सासूबाईंना सगळे 'धारवाली' म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्या कात्र्या, सुऱ्या, करवतींना धार लावत. जिभेला त्यांना वेगळी लावावी लागत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. सुनेला चेनची छोटी करवत चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. ती लोकांच्या परसातल्या फांद्या छाटून द्यायची.

आज मात्र अख्खं खोड वाट्याला आलं होतं. दवाखान्याच्या फाटकात झाड आडवं पडलं होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत वाट मोकळी करा, इथल्या झाडांचं सगळं काम यापुढे तुमचं," व्यवस्थापक काल म्हणाला होता. "नाही जमलं तर क्रेनवाल्यांना बोलावतो."

नवरा इतका हरखला की कालच तिच्या करवतीसाठी लांब पट्टी आणि तिच्यावरून फिरणारी जाड दात्यांची चेन घेऊन आला. चेन फिरवणारं दातेरी चाकही त्याच मापाचं आणलं, आणि सगळं स्वतः बसवलं. "आता डोंगर आण कापायला!"

पण आज करवत खोडात बोटभर गेली आणि घुसमटली. इंजिन कण्हलं, चेन जागच्या जागी थांबली. सून दाबत राहिली. जळका वास आला तशी थांबली, व्यवस्थापकाच्या हातापाया पडून थोडा वेळ मागून घेतला आणि घरी धावली.

सासूबाईंनी करवत गार होऊ दिली, मग मांडीवर घेतली.

"दाबत होतीस ना?"

"मग काय करू? कापेचना."

"मोठा दाता मोठा घास घेतो. तो ओढायला इंजिनात दम नको? चार माणसांचं ओझं एकट्या पोराच्या डोक्यावर दिलंय तुम्ही."

त्यांनी चेन, पट्टी, चाक, तिन्ही उतरवली आणि आधीचं चाक, आखूड पट्टी बसवून तिच्यावर बारीक चेन चढवली.

"एवढ्याशा चेननं ते खोड कापायचं?"

"बारीक चेन चीर अरुंद पाडते. लाकूड कमी खरवडायचं, तर जोरही कमी लागतो. पट्टी पलीकडे पोचली नाही, तर तू पलीकडे जा. पाय दिलेत ना देवानं?"

सुनेनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "आई, काल तुमच्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं." त्यांनी चेन बोटानं ओढून ताण पाहिला. "तो इतका खुशीत होता, आणि तू त्याच्याहून. जीभ रेटली नाही. चुकलंच. करवतीपाशी भीड कामाची नाही."

दुकानाचं दार ओढून घेऊन त्याही तिच्याबरोबर गेल्या. या वेळी इंजिन एका सुरात बोललं. पिवळ्या कपच्या भराभर उडू लागल्या. एका बाजूनं चीर, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं. सासूबाई लांब उभ्या राहून फक्त कान देऊन ऐकत होत्या.

ऊन कलताना नवरा आला. ओंडक्यांकडे पाहण्याआधी त्याची नजर करवतीवर गेली. "माझी चेन कुठाय?"

"मी घेतली," सासूबाई चटकन म्हणाल्या. "एका गिऱ्हाइकाच्या मोठ्या करवतीला लागतच होती."

सुनेनं डोळ्यांवरचा चष्मा वर सारला. "नाही हो. माझ्या करवतीला झेपली नाही ती. बंद पडत होती, जळायला आली होती."

सासूबाई ऐकू न आल्यासारख्या दुसरीकडे बघू लागल्या.

"मग आधी नाही सांगायचं?" तो फुगून म्हणाला.

"मलाच कुठं कळत होतं? आता सांगतेय ना. हा शेवटचा ओंडका जरा ढकला."

फुगलेल्या तोंडानंच तो वाकला. ओंडका घरंगळत कडेला गेला, आणि व्यवस्थापकानं फाटकाचं दुसरं दारही उघडलं.