दातात धरलेली काठी

नोव्हेंबर लागला की कतारमध्ये माणसं घराबाहेर पडायला लागतात. पाच-सहा महिने एसीच्या आडोशाला काढलेले असतात, त्यामुळे जरा वारा सुटला की कुणाला तंबू आठवतो, कुणाला समुद्र. दोहाच्या उत्तरेला एका जुन्या मळ्यावर याच दिवसांत जुन्या यंत्रांची जत्रा भरते. मला तिथं जायचं नव्हतं. रास लफानच्या गॅस प्लांटात कॉम्प्रेसरवर फिटर म्हणून सहा दिवस ड्यूटी केल्यावर माणसाला जत्रा नको असते, उशी हवी असते. त्या आठवड्यात तर यंत्राचं तोंडही बघू नये असं वाटत होतं, कारण रविवारी माझी मेडिकल होती.

कानाचं आधीच सांगून टाकतो. डावा कान तीन-चार वर्षांपूर्वीच गेला, उजवा त्याच्या मागून निघालाय. दोष माझाच. कानात घालायचे बोळे मी वर्षानुवर्षं गळ्यात अडकवून फिरलो. ते घातले की मशीनचा आवाज नीट कळत नाही, आणि आवाज कळला नाही तर मी फिटर कसला, हा माझा तोरा. आता बारीक, टोकदार आवाज येतच नाहीत. कुकरची शिट्टी खोलीतल्या दुसऱ्या कुणीतरी सांगावी लागते.

तरी मागच्या तीन मेडिकल मी पास झालो. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे नर्स असते. तिनं आवाज सोडला की तिचा खांदा जरासा हलतो. मी तो खांदा बघून बटण दाबत आलो. यंदा पकडलो गेलो तर कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि मुलीच्या कॉलेजची अजून दोन वर्षं बाकी आहेत. बायकोलाही मी यातलं काही सांगितलं नव्हतं. फोनवर ती बोलते, मी हं, हं करतो. हल्ली ती एकच गोष्ट दोन-दोनदा सांगते. मला वाटायचं, वय झालं आता तिचंही.

जत्रेचं लचांड माझ्या गळ्यात बांधलं ते माझ्या एका मित्रानं. तो लातूरकडचा, त्या मळ्याच्या मालकाकडे ड्रायव्हर. मालकाकडे एक जुनं डिझेल इंजिन होतं आणि त्यावर चालणारा उसाचा चरक. दोन्ही फार पूर्वी आपल्याकडून बोटीनं आलेले. इंजिन कित्येक वर्षं बंद. मित्रानं मालकाला छातीठोक सांगून टाकलं, आमचा माणूस नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो.

‘भाऊ, तुमच्या जिवावर शब्द देऊन बसलोय,’ शुक्रवारी सकाळी गाडीत बसल्यावर तो म्हणाला.

‘माझ्या जिवावर कशाला? तुझा काय झाला?’

‘माझा इन्शुरन्सला लागतोय.’

मी हसलो, पण मनातून त्याचा राग आला होता.

मळा बरा होता. खजुराची झाडं, मधे मातीच्या भिंतींची एक खोली. पूर्वी त्या खोलीत खजुराची पोती एकावर एक रचून ठेवायचे. खालच्या पोत्यांवर भार पडून पाक सुटायचा आणि जमिनीतल्या पन्हळींतून रांजणात उतरायचा. जत्रेसाठी पुन्हा पोती रचली होती. लोक वाकून तो थेंब थेंब पडणारा काळा पाक बघत होते. ना मोटर, ना पट्टा, नुसतं वजन. मला वाटलं, आपल्या खांद्यांवरही असंच काहीतरी रचून ठेवलंय, फक्त रांजण कुठं आहे ते ठाऊक नाही.

इंजिन पाहिलं आणि पाय थांबले. एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना कमरेएवढी चाकं, हातानं फिरवायचं हँडल. माझे वडील कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर असलंच इंजिन चालवायचे. त्यांची एक खुबी पंचक्रोशीत माहीत होती. इंजिनात काही बिघाड वाटला की ते बाभळीची हातभर काठी घ्यायचे. एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं दातात धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मिनिटभरानं डोळे उघडून सांगायचे, अमुक बेअरिंग गेलं. कधी चुकायचे नाहीत. शाळेत मी मोठ्या ऐटीत सांगायचो की आमच्या वडिलांच्या दातांना कान आहेत.

डिझेल, तेल, पाणी बघण्यात तास गेला. मग मी आणि मित्रानं हँडल मारलं. तिसऱ्या दमाला इंजिन सुरू झालं. काळा धूर निघाला, लोक मागं सरले आणि लगेच पुढं आले. तो जाडा धक धक आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. छातीत येत होता. कित्येक दिवसांनी मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. मी मालकाला अंगठा दाखवला आणि पट्टा चरकावर चढवायला वळलो.

लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या कडेला मालकाचे वडील व्हीलचेअरवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांना फारसं दिसत नसावं. या इंजिनानं विहिरीतून उपसलेलं पाणी पिऊनच त्यांचा मळा वाढला होता. त्यांनी हात वर केला.

‘बंद करो,’ ते तुटक हिंदीत म्हणाले. ‘खलास. ये टक-टक पहले नहीं था.’

मी इंजिनाकडे पाहिलं. मला कसली टक-टक येत नव्हती. ‘सब ठीक है, बाबा,’ मी म्हणालो.

‘ठीक नहीं है.’

मालक अवघडून हसला. वडिलांना काहीतरी भास होतोय असंच त्याला वाटलं असणार. ‘यल्ला, चलाओ भाई,’ तो म्हणाला. लोक पेले घेऊन उभे होते, दोरीला लागून बायका-माणसं दाटली होती. मला म्हाताऱ्याचा राग आला. तीस वर्षं मशीनवर काढली मी, आणि हा खुर्चीत बसून मला शिकवतोय.

मित्र माझ्या जवळ आला. ‘भाऊ, टक-टक तर यायलीय. मलापण ऐकू यायलीय.’ मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. ‘तुम्हाला येईना का?’

मी हातातला पट्टा खाली ठेवला. सरपणातली एक काठी उचलली, एक टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटले. आधी नुसती धकधक. मग प्रत्येक धक्क्यामागून एक बारकासा हिसका, दातांच्या मुळाशी. चाकाच्या बाजूचा. धक, टक. धक, टक.

मी इंजिन बंद केलं. चाक शाफ्टला आवळून धरणारी लोखंडी पाचर अर्धं बोट बाहेर आली होती. चरकाचा भार पडला असता आणि ती निसटली असती, तर ते चाक दोरीपलीकडच्या माणसांत गेलं असतं. मघाशी मी अंगठा दाखवला होता. मी तिथंच पेंढ्यावर बसलो.

काठी अजून हातात होती. तिच्यावर माझ्या दातांचे वळ उठले होते. तसे वळ मी वडिलांच्या काठीवर रोज बघायचो. आणि एकाएकी बाकीचंही दिसायला लागलं. मागून हाक मारली तर वडील कधी वळायचे नाहीत. आई म्हणायची, कामात असले की त्यांचं लक्ष नसतं. ती स्वतः मात्र नेहमी समोर जाऊन बोलायची, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. ती काठी खुबी नव्हती. वडील बहिरे होते. गुऱ्हाळाचं काम जाऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर दातांनी ऐकलं, आणि आईनं ते कुणाला कळू दिलं नाही. मला, त्यांच्या मुलाला, हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

पाचर ठोकून बसवायला अर्धा तास लागला. पुन्हा इंजिन लावल्यावर मी आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि हलवली. मग चरक फिरला, ऊस आत गेला, फेसाळ रस खाली आला. आमच्या गुऱ्हाळावर रसाचा पहिला पेला इंजिन चालवणाऱ्याला देत. मित्राला ते मी गाडीत सांगितलं होतं, म्हणून त्यानं पेला माझ्यापुढं धरला. मी तो म्हाताऱ्याच्या हातात दिला. ‘शुक्रन,’ ते म्हणाले. म्हणाले असावेत. ओठ तसे हलले.

रविवारी काचेच्या खोलीत बसलो. हेडफोन लावले, बटण हातात घेतलं. नर्स जागेवर बसली आणि मी डोळे मिटले. सुरुवातीला दोन-चार जाडे आवाज आले, ते दाबले. मग शांत झालं. बराच वेळ शांत. मी वाट बघत राहिलो. शेवटी खांद्यावर हात पडला. नर्स दार उघडून आत आली होती. ‘हो गया, सर,’ ती म्हणाली. कधीच झालं, असा अर्थ तिच्या चेहऱ्यावर होता.

संध्याकाळी बायकोला फोन लावला. व्हिडिओवर, तिचे ओठ दिसावेत म्हणून. ‘एक सांगायचं होतं,’ मी म्हणालो. ‘माझे कान गेलेत. बहुतेक परत यावं लागणार.’

ती काहीतरी बोलली. मला कळलं नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मी हं म्हटलं नाही. ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं.

तिनं फोन तोंडाजवळ घेतला.

‘ठाऊक हाय म्हटलं,’ ती म्हणाली. ‘दोन वर्सं झाली. अहो, म्हणून तर दोन-दोनदा सांगते न्हवं?’

आणि मग, मला ऐकू आलं होतं तरी, तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं.