दॉ थाइकच्या दारी न आलेली पुडी

ब्रह्मदेशातल्या मोलमेनमध्ये भांडण मिटलं की माणसं दॉ थाइककडे, म्हणजे थाइकबाईकडे, चहा घ्यायला येत. नवराबायकोचं असो, बांधाचं असो, नाहीतर सागाच्या ओंडक्यावर कुणाचा छाप आहे याचं असो. दोन्हीकडच्यांनी चार माणसांदेखत एकाच डब्यातला मुरवलेला चहा चिमूटभर खाल्ला की संपलं. मग इंग्रजांच्या राणीचा जज्ज काही का म्हणेना, ते भांडण पुन्हा उकरून काढायची कुणाची बिशाद नव्हती. आणि चहा म्हणजे दॉ थाइकचाच. शान डोंगरातून येणारी ओली पानं निवडायची, दाबून ठेवायची, तिळाच्या तेलात मळायची, सगळं ती एकटी करी. कुणी मदतीला आलंच तर ओरडायची, "हात धुतलेस? नाही ना? मग लांब हो!"

लग्नकार्याचं आमंत्रणही तिच्याच हातून जाई. पानात चहा, वरून बांबूची बारीक वादी, आणि तिची ती खास गाठ. पुडी दारात आली म्हणजे बोलावणं आलं. पुडी नाही तर तुम्ही कितीही सख्खे असा, घरी बसायचं.

आता गंमत पाहा. अख्ख्या गावाची भांडणं जिच्या चहानं मिटत, ती बाई शेजारच्या दॉ पान नूशी कैक वर्षं एक शब्द बोललेली नव्हती.

पान नू तळलेले वाटाणे, शेंगदाणे, लसूण आणि भाजलेले तीळ विकायची. चहाबरोबर हे सगळं हवंच, म्हणून दोघींच्या चटया एकमेकींना लागून, आणि अबोला म्हणून दोघी पाठीला पाठ लावून. गिऱ्हाईक इकडून चहा घेई आणि वळसा घालून तिकडून वाटाणे घेई. एकीला सुटी नाणी हवी असली तर ती समोरच्या मासळीच्या चटणीवाल्या मा क्यिनला सांगे आणि मा क्यिन दुसरीला सांगे. बिचारीचे कान किटून गेले होते. पण दुपारी पान नूला डुलकी लागली की थाइक मागे हात करून तिच्या टोपलीवरच्या माश्या वारायची. थाइकला खोकल्याची उबळ आली की पाण्याचं मडकं मागून आपोआप पुढं सरकायचं. बघायचं मात्र कुणी कुणाकडे नाही. हट्टी बाया, दुसरं काय!

मग म्युनिसिपालटीनं झापांचा जुना बाजार पाडायला काढला आणि शेजारी लोखंडी छपराचा नवा उभा केला. रुंद वाटा, पक्क्या मोऱ्या, ऐसपैस ओटे. सगळे खूश होते, तोवर दवंडी पिटली: तळणाचा माल आगीच्या भीतीनं नदीच्या टोकाला, आणि ओला, मुरवलेला माल पॅगोड्याकडच्या टोकाला.

"बरं झालं बाई," थाइक मा क्यिनला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "तेलाचा वास तरी सुटेल एकदाचा."

"बरं झालं बाई," पान नूही आपल्या टोपलीला म्हणाली, "खोकला ऐकून कान विटले होते."

त्या संध्याकाळी थाइक घरी चहा मळायला बसली आणि मीठ घालायलाच विसरली. घरात विचारणारं कुणी नव्हतं. नवरा ओंडक्यांच्या तराफ्यावरून नदीत पडून गेला त्याला जमाना झाला होता, पोटी लेकरू नव्हतं. दिवसभर पाठीला जी ऊब लागायची ती पान नूची होती, हे तिला आज कळलं. आता त्या चकचकीत ओट्यावर पाठीमागे भिंत असणार. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

मा क्यिननं बातमी काढली होती, की एक ओटा दोघींनी मिळून घेतला आणि तळण घरूनच करून आणलं, तर शेजारी बसायला परवानगी मिळते. त्यासाठी ऊ पो लिनची शिफारस हवी. ऊ पो लिन लाकडाचा व्यापारी, यंदा लोकांच्या मतांवर म्युनिसिपालटीच्या कमिटीत निवडून आलेला, आणि त्यामुळे जरा हवेत. थाइकनं रेशमी उपरणं खांद्यावर टाकलं, केसांत फूल खोवलं आणि गुपचूप त्याच्या घरी गेली.

व्हरांड्यात पान नू बसलेली! तिच्याही केसांत फूल.

थाइक दाराशीच थबकली. परत फिरावं तर ऊ पो लिननं पाहिलेलं.

"या, या अमे," आईला हाक मारावी तसं तो हसू दाबत म्हणाला. "ह्या अमेही आत्ताच आल्या, ओटा मागायला. कुणाबरोबर ते काही सांगत नाहीत."

थाइक खांबाला टेकून बसली. दोघींची तोंडं दोन दिशांना.

"अहो, एक ओटा द्यायचा तर एकमेकींशी बोलावं लागेल," तो म्हणाला. "उद्या ओट्यावर उणीदुणी निघाली तर साहेब माझी हजेरी घेईल. आधी भांडण मिटवा, मग शिफारस."

तेवढ्यात त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको आली आणि पाहुण्यांपुढं ठेवतात तसा लाखेचा डबा मध्ये ठेवून गेली. एका खणात चहा, बाकीच्यांत वाटाणे, लसूण, तीळ. तिला बिचारीला काय ठाऊक, की भांडण न मिटलेल्या दोघींच्या मध्ये चहाचा डबा ठेवत नसतात! ऊ पो लिननं कपाळाला हात लावला.

आणि पान नूनं सवयीनं चिमूट उचलली. जन्म या मालात गेलेला. समोर डबा आला की हात चाखायला जाणारच.

"ई!" तिनं तोंड वाकडं केलं. "हा कुठला कडूजहर पाला आणलाय? हा थाइकचा चहा नव्हे."

"तुला गं काय माहीत माझा चहा कसा लागतो?" थाइकनं विचारलं. इतक्या वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. "माझ्याकडून तर कधी घेतला नाहीस."

पान नूचे कान लाल झाले. "मा क्यिन आणून द्यायची."

"मा क्यिन?" थाइकनं तावातावानं डब्यातला एक वाटाणा तोंडात टाकला. "आणि हे तरी कुठं तुझे वाटाणे? तुझे असे दातात चिकटत नाहीत."

"तुला गं काय माहीत?"

"मलाही मा क्यिनच आणून द्यायची!"

ऊ पो लिन पोट धरून हसला. "दोघींनी एका डब्यातलं खाल्लंत, मी साक्षीला. मिटलं!"

"मिटलं कसं?" पान नू उसळली. "हिला विचारा, माझ्या पोराचं, पो थिटचं, डोकं भादरून त्याला रीतीप्रमाणे थोडे दिवस मठात बसवला, घोड्यावरून मिरवणूक निघाली, सगळं गाव आलं. ही पाठीला पाठ लावून बसणारी तेवढी आली नाही. पोरगं विचारत होतं, थाइकमावशी कुठाय?"

"बोलावलंस कुठं?"

"तुला? अगं, सगळ्या पुड्या तूच बांधल्यास! तुझ्या हातची पुडी तुलाच काय पाठवायची?"

"हो, मलाच!" थाइकचा आवाज फाटला. "रात्र जागून बांधल्या. शेवटची बांधली तेव्हा वाटलं, ही माझी असेल. सकाळी न्हाऊन दाराशी बसले. नाही आली. तुझीच काय, कुणाचीच नाही आली कधी. सगळ्यांना वाटतं, हिच्याकडे टोपलीभर आहे, हिला कशाला. माझ्या दारी उभ्या जन्मात एक पुडी आली नाही, पान नू."

पान नूची मान खाली गेली. ऊ पो लिनचंही हसू विरलं. आपल्या लग्नाच्या पुड्या कुणी बांधल्या होत्या, आणि लग्नात ती कुठं दिसली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं. पाहता पाहता त्याचं तोंड एवढंसं झालं. शिफारस त्यानं तिथल्या तिथं लिहून दिली.

नव्या बाजारात दोघी एका ओट्यावर बसू लागल्या. पाठीला पाठ लावायची गरज उरली नव्हती, तरी दुपारी तशाच बसत, सवयीनं. दिवसभर कचाकचा भांडत. मा क्यिन म्हणायची, "ह्या गप्प होत्या तेच बरं होतं."

थंडी सरता सरता पो थिटचं लग्न ठरलं. थाइकनं पुड्या बांधल्या, एकसारख्या, मोजून दिल्या आणि हात पुसत वाटाण्याच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन केस वाळवत होती. दारात पान नू उभी होती, नवी लुंगी नेसून, गावभर बोलावणं द्यायला निघालेली. टोपलीतल्या पुड्यांना तिनं हात लावला नाही. उपरण्याच्या आतून एक वेगळीच पुडी काढली आणि दोन्ही हातांनी थाइकपुढं धरली.

"ही मी बांधली," ती म्हणाली. "पोराचं लग्न आहे. यायचं."

पान फाटलेलं होतं, वादी दोनदा उलटीसुलटी गुंडाळलेली, एका बाजूनं तेल गळत होतं. असली गाठ दुसऱ्या कुणी बांधली असती तर थाइकनं बाजार डोक्यावर घेतला असता. तिनं हात आधी लुंगीला पुसले. मग पुडी घेतली, आणि तेल सांडू नये म्हणून दोन्ही तळव्यांत तशीच धरून बसली.

"येते," ती म्हणाली.