यादीतून खोडलेली टिचबटणं

आयातशुल्क कमी करायचं नाही अशा मालाच्या यादीतून व्यापार खात्यातल्या मालिनीनं पोलक्याची टिचबटणं खोडली, तेव्हा तिला मिळण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. दिल्लीत निःस्पृह म्हणून नाव, आणि पुढं जिनिव्हाची नेमणूक. दोन्ही मिळाल्या. टिचबटणं तिच्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या कारखान्यात होत होती, एवढीच काय ती अडचण. बाहेरचा स्वस्त माल आला, कारखाना बंद पडला. अण्णाला जाऊनही सहा वर्षं झाली, आणि "मीच खोडली, हे तुला कळलं होतं का रे?" हे विचारायचं राहूनच गेलं.

आज जिनिव्हात, जेवणाच्या सुट्टीत, सभागृहाबाहेरच्या कोचावर, मांडीवर नव्या कराराचा मसुदा घेऊन ती बसलीय. डोळे मिटू लागतात. दुभाष्यांचे आवाज पातळ होत जातात. शेजारी कोणीतरी टेकतं.

"केवढा गारठा करून ठेवलाय! माणसं नासतात काय इथली?"

अण्णा. शर्टाला इस्त्री, बोटांना यंत्राचं तेल.

"जेवलास?" ती विचारते.

"मेल्यावर डबा कोण देतंय? तुझं सांग. घरात कोणी नाही, झोपतीस कोचावर. राजदूत झालीस म्हणे!"

"अजून नाही."

"मग गं?"

ती उठून सभागृहाचं दार ढकलते. आत कोल्हापूरच्या उद्यमनगरातली अण्णाच्या कारखान्याची शेड. टेबलावर देशांच्या पाट्या तशाच. पाट्यांमागे बायका पुठ्ठ्यावर टिचबटणं लावतायत. कोणी वर बघत नाही.

"अण्णा, ती मीच खोडली होती."

"ठाऊक आहे की. कारखानदारांच्या संघटनेनं हरकतीचा अर्ज आणला होता सहीला. दिला असता तर परत चढली असती यादीत. मी सही केली नाही."

"का?"

"बहिणीनं भावाचं बघितलं म्हणाले असते लोक."

"म्हणजे तू माझ्यासाठी गप्प बसलास."

"तुझ्यासाठी कशाला? बहीण दिल्लीत म्हणून मलाही मिरवायचं होतंच की. बरं, हजेरी घे. सुटायची वेळ झाली."

"मला नावं कुठं येतायत?"

"येतात. पोरवयात यांच्याच डब्यातलं खायचीस."

घंटा होते. दुपारचं सत्र. कोचावर मालिनी एकटीच, हातात उघडं पेन. मसुद्याच्या समासात तिच्याच अक्षरात, खाली खाली घसरत गेलेली नावं: शेवंता, हौसाबाई, जुबेदा, आक्काताई... ती मोजते. अकरा.

बहिणीचं नाव राहिलं, भावाचा तोरा राहिला. घरी बसल्या त्या या अकरा जणी.