मामांच्या होडीची पाहणी

साऱ्या पेडणे तालुक्यात संशय कोणी निगुतीने जोपासला असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांनी. पदेराकडचा पाव ते चारी बाजूंनी दाबून बघतात आणि मगच घरात नेतात. कुलूप लावलं की तीनदा स्वतः ओढतात, चौथ्यांदा मला ओढायला लावतात आणि मी ओढल्यामुळे सैल तर झालं नाही ना, म्हणून पाचव्यांदा पुन्हा स्वतः. उभा जन्म दर्यावर गेला, पण तेरेखोलच्या फेरीबोटीत हा माणूस कठडा घट्ट धरून उभा. का, तर "सुकाणू दुसऱ्याच्या हातात असा, जावयानू."

अशा माणसाला विमा घ्यायला लावणं माझ्या कपाळी आलं. मी मच्छीमार सोसायटीत कारकून. हल्ली वादळांना काळवेळ उरलेली नाही, म्हणून एका कंपनीने नवा विमा आणला होता. केरीच्या किनाऱ्यावर खांबावर वारा मोजायचं यंत्र. वारा ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की पैसे थेट खात्यात, पाहणी नाही की पंचनामा नाही. मामांनी सही केली तरच आमच्या मच्छीमार वाड्यावरचे बाकीचे करणार. मामा म्हणाले, "न बघता पैशे देता तो एकतर देव, नायतर चोर. आणि देव आमच्या वाड्यार कधी येवक नाय." मामींनी दोन दिवस नुसती पेज वाढली, तेव्हा कुठे सही झाली. मग रोज संध्याकाळी खांबाखाली बसून यंत्रावर पहारा. एकदा त्यावर कावळा बसला, तर मला विचारतात, "ह्यो कंपनीचो काय?"

दिवाळीच्या तोंडावर वादळ आलं आणि मामांची होडी खडकावर आपटून फुटली. चौथ्या दिवशी सगळ्यांच्या खात्यात पैसे आले. वाड्यावर होड्यांची ठोकाठोक सुरू झाली. मामांनी मात्र पैशांना हात लावला नाही. फुटकी होडी माडाखाली, तुटक्या फळ्या शेजारी रचलेल्या, वर झावळ्या. "कंपनीचो साहेब बघूक येतलो. आज दुरुस्त केली, तर उद्या म्हणतलो, मोडलीच नव्हती." साहेब येणारच नाही, हे मी दहादा सांगितलं. महिना गेला, ऐन मासळीचे दिवस हातचे चालले. मामी रडकुंडीला आल्या. मी चिडलोच. म्हटलं, "मामा, पैसे खरे आहेत. आता आणखी कसला संशय?"

मामांनी होडीवरची घसरलेली झावळी सारखी केली. मग म्हणाले, "पैशांचो संशय केव्हाच गेलो. माज्या बापाशीन बांधलेली होडी, जावयानू. एवढी मोडली, आणि कोणी बघूक पण येवक नाय?"

माझा राग जागच्या जागी विरला, स्वतःची लाजच वाटली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, सोसायटीची वही घेऊन गेलो. मामांनी झावळ्या बाजूला केल्या. ही फणसाची फळी बापाने बसवलेली, ही मुलीच्या लग्नाच्या वर्षी बदललेली. ते दाखवत गेले, मी लिहीत गेलो. ते पान कुठल्याही साहेबाकडे जाणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी वही मागून घेतली, ओळन् ओळ बोटाने तपासली. एक फळी राहिली होती. मला पुन्हा वाकायला लावून ती लिहून घेतली आणि मगच सुताराला निरोप धाडला.